नऊनंतरची कॅब

ठाणे-बेलापूर रस्त्यालगत राहणाऱ्या माणसाला ओव्हरटाइम म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. टीटीसीच्या औद्योगिक पट्ट्यात, दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत, तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. आधी केमिकलवाल्यांनी केला, मग औषधवाल्यांनी, आता संगणकवाले करतात. पूर्वी भोंगा व्हायचा. भोंग्याच्या आतलं ते काम आणि भोंग्यानंतरचा तो ओटी, इतका सरळ हिशेब. ऐरोलीच्या काचेच्या इमारतींना भोंगा नाही, त्यामुळे काम कधी संपलं आणि जास्तीचं कधी सुरू झालं हे आत बसलेल्यांनाही सांगता येत नाही. सांगता येतं ते आमच्या वॉचमनला, कारण रात्री गेट त्याला उघडावं लागतं.

मी ऐरोलीतल्या एका जुन्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. हे पद कुणी मागून घेत नाही. मीटिंगला जो उशिरा येतो त्याच्या गळ्यात पडतं. पण त्यामुळे गेटवरचं रजिस्टर चाळायचा अधिकार मिळतो, आणि या रजिस्टरात नव्या पिढीचं करिअर जितकं स्पष्ट दिसतं तितकं ते कुठल्याही एचआरला दिसत नसेल. कोण साडेसहाला येतो, कोण साडेनऊला, कोण साडेबाराला येऊन पुन्हा सकाळी आठला बाहेर पडतो, सगळी नोंद असते. कुणाचं प्रमोशन कधी झालं हे मात्र वेगळ्या वहीत पाहावं लागतं. ती पार्किंगची वही. दोन्ही वह्या शेजारी ठेवून काही ताळमेळ लागतो का, हे मी बऱ्याचदा पाहिलं आहे. लागत नाही.

तळमजल्यावर भाऊ राहतात. रबाळ्याच्या एका केमिकल कंपनीत ते हेल्पर म्हणून लागले आणि ऑपरेटर म्हणून रिटायर झाले. १९४८ चा कारखाने कायदा त्यांना रामरक्षेइतका पाठ आहे. दिवसाला नऊ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, त्यापुढे कलम ५९, म्हणजे दुप्पट दराने पैसे. त्यांचं घर बघायला गेलात तर ते भिंतीवर हात ठेवून सांगतात, "हा हॉल पगाराचा. आतली खोली ओटीची. गॅलरीचं ग्रिल दिवाळीतल्या नाइट शिफ्टचं." मला वाटतं सिडकोच्या घरांच्या किमतीचा इतका तपशीलवार हिशेब खुद्द सिडकोकडेही नसेल.

भाऊंचे चिरंजीव इंजिनियर. घरापासून चालत पंधरा मिनिटांवर त्यांचं ऑफिस, आणि तरी घरी येणं रात्री साडेनऊला. पहिल्या महिन्यात भाऊ खूश होते. पोरगं नोकरीला लागल्या लागल्या ओटी मारतंय म्हणजे घराण्याचं नाव राखणार. पगाराची स्लिप आली तेव्हा त्यांनी चष्मा लावून ती वरपासून खालपर्यंत वाचली, मग उलटी करून पाहिली.

"ओटीचा कॉलम कुठाय?"

"पप्पा, आमच्यात ओटी नसतो."

"मग रोज तीन तास जास्त बसतोस ते?"

"त्याला स्ट्रेच म्हणतात."

"डबल नाही देत?"

"नाही."

"सिंगल तरी?"

"सिंगलही नाही. ते अप्रेझलला बघतात."

भाऊ संध्याकाळी माझ्याकडे आले. हा काय प्रकार, कायदा नाही का यांना, म्हणून. कायदा आहे. महाराष्ट्राचा दुकाने आणि आस्थापनांचा २०१७ चा कायदा आहे, त्यात तेव्हा नऊ तास, अठ्ठेचाळीस तास, दुप्पट पैसे, सगळं होतं. फक्त व्यवस्थापकीय, देखरेखीच्या किंवा गोपनीय स्वरूपाच्या कामावर असलेल्यांना तो लागू नाही. आणि चिरंजीव होते असोसिएट लीड. त्यांच्या हाताखाली कीबोर्ड सोडून दुसरं काही नव्हतं, पण पदनाम देखरेखीचं होतं. अवघ्या चोविसाव्या वर्षी एवढा मोठा हुद्दा का मिळतो, याचा उलगडा भाऊंना त्या दिवशी झाला.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वाढवायला मंजुरी दिली. आस्थापनांत नऊचे दहा तास, कारखान्यांत नऊचे बारा, आणि तिमाहीतला ओव्हरटाइम १४४ तासांपर्यंत. भाऊंनी ती बातमी मोठ्याने वाचून दाखवली. तिमाहीला १४४, तेही डबल! आपण दहा वर्षं आधी जन्मलो याची हळहळ त्यांच्या चेहऱ्यावर होती. चिरंजीव जेवता जेवता म्हणाले, "एका तिमाहीला एकशे चव्वेचाळीसच? आमचं एका रिलीजला होतं." भाऊंनी पेपर घडी करून ठेवला.

आता ही मुलं ऑफिसात नऊपर्यंत करतात काय, हा प्रश्न मलाही होता. चिरंजीवांनी आणि त्यांच्या मित्रांनी तुकड्यातुकड्यांनी जे सांगितलं ते असं. सहा वाजता काम संपतं. सव्वासहाला कुणीतरी उठायचं म्हणून खुर्ची मागे सरकवतो आणि साहेबांच्या काचेच्या केबिनकडे पाहतो. साहेब बसलेले. मग तो पाण्याची बाटली भरायला उठल्याचं दाखवतो, बाटली भरून आणतो आणि पुन्हा बसतो. सातपर्यंत त्या मजल्यावर इतक्या बाटल्या भरल्या जातात की मोरबे धरणावर भार पडावा. साडेसातला टपरीवर चहा. बॅग मात्र खुर्चीवरच, स्क्रीन चालू, म्हणजे माणूस 'आत्ता इथेच होता' असं वाटावं. आठला वडापाव. आणि एकदा आठ वाजले की घरी जाण्यात अर्थच उरत नाही, कारण नऊनंतर कंपनीची कॅब मिळते.

या कॅबवर खरं तर स्वतंत्र प्रबंध व्हायला हवा. पगारवाढीसाठी थांबणारे जितके, त्याहून जास्त मुलं कॅबसाठी थांबतात. घणसोलीला किंवा कोपरखैरण्याला एका खोलीत पाच जण राहतात, मे महिन्यात पंखा गरम वारा फेकतो, वायफाय पाच जणांत वाटलेलं. ऑफिसात एसी, फुकट कॉफी, स्वच्छ बाथरूम, आणि शेवटी दारापर्यंत गाडी. मग मुलगा नऊपर्यंत थांबला यात त्याची निष्ठा किती आणि मे महिना किती, हे साहेबांनी कसं ओळखायचं? जुलैत तर पाऊस लागला की पूर्ण मजलाच कर्तव्यदक्ष होतो.

चिरंजीवांचा मात्र कॅबशी संबंध नव्हता. ते चालत येतात. ते थांबत ते साहेबांसाठी.

योगायोग असा की हे साहेब खारघरला माझ्या मेव्हण्याच्याच बिल्डिंगमध्ये राहायचे. गणपतीत तिथे गेलो असताना गाठ पडली. चाळिशीतला भला माणूस, डोळ्यांखाली काळं. मी ऐरोलीचा म्हटल्यावर आपणहून म्हणाला, "काय सांगू काका, मुलगी दहावीला आहे, सात वाजेपर्यंत घरी यावंसं फार वाटतं. पण टीममधली पोरं एवढी झपाटलेली आहेत की नऊशिवाय जागची हलत नाहीत. त्यांना तसं सोडून मी कसा उठणार? वाईट दिसतं." मी मोदक तोंडात घातला आणि गप्प बसलो. सोसायटीचा सेक्रेटरी झालं की काही माहिती स्वतःपाशी ठेवायची सवय लागते.

तिकडे देशाचे मोठे लोक आपापले आकडे सांगत होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावं असं सुचवलं. सहा दिवस धरले तर रोजचे जवळपास पावणेबारा तास, वर ट्रान्स-हार्बरचा प्रवास आपला आपण. मूर्तींनी स्वतः तेवढं आणि त्याहून जास्त काम केलं आहे याबद्दल शंका नाही. पण ऐरोलीकरांना त्यांच्या चरित्रातला एक तपशील जास्त जवळचा वाटतो. मूर्ती आधी पटनी कॉम्प्युटर्समध्ये नोकरीला होते. तिथून सहा सहकाऱ्यांसह बाहेर पडून त्यांनी १९८१ साली पुण्यात इन्फोसिस काढली. म्हणजे त्यांचं करिअर खऱ्या अर्थाने उजळलं ते पटनीची नोकरी सोडल्यावर. याच पटनीने पुढे आमच्या ऐरोलीत मोठं थोरलं संकुल उभं केलं. कितीतरी मुलांनी तिथे रात्री जागवल्या. २०११ मध्ये आयगेटने पटनी विकत घेतली, २०१५ मध्ये कॅपजेमिनीने आयगेट. ज्या नावासाठी जागरणं झाली ते नाव आता फक्त रिक्षावाल्यांच्या तोंडी उरलं आहे. "पटनी? शेअर की सीट?"

पुढे जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीचे अध्यक्ष एस. एन. सुब्रमण्यन यांचं बोलणं गाजलं. त्यांना नव्वद तास हवे होते, रविवारसकट. घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार, असा त्यांचा सवाल होता. यावर देशभर गदारोळ झाला, पण नवी मुंबईला त्याचं उत्तर आधीपासून माहीत होतं आणि ते एल अँड टीनेच बांधून दिलं आहे. सीवूड्स स्टेशनच्या डोक्यावरचा तो प्रचंड मॉल. रविवारी संध्याकाळी तिथे जाऊन पाहा. पाच-सहा हजार नवरे-बायका येतात आणि त्यातलं एकही जोडपं एकमेकांकडे बघत नसतं.

रविवार मुळात आपल्याला मिळाला तो मूळच्या कन्हेरसरच्या नारायण मेघाजी लोखंडे यांच्यामुळे. मुंबईच्या गिरण्यांत सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम असायचं, सुट्टीचा दिवस ठरलेला नाही. लोखंड्यांनी १८८४ साली बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली, सह्यांचे अर्ज केले, एप्रिल १८९० मध्ये रेसकोर्सवर दहा हजारांच्या आसपास कामगारांची सभा घेतली. त्या सभेत दोन बायकाही उभं राहून बोलल्या. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. मालकांशी भांडून मिळवलेला हा रविवार आमच्या चौथ्या मजल्यावरचा मुलगा 'थोडं आधीच संपवून टाकतो' म्हणून आपणहून परत करतो. त्याला कुणी सांगितलेलंही नसतं. लोखंड्यांना असा कामगार भेटला असता तर त्यांनी मालकांशी बोलण्याआधी याच्याशी दोन शब्द बोलून घेतले असते.

बरं, इतके तास राबून हाती काय लागतं? जॉन पेन्कॅव्हल नावाच्या स्टॅनफर्डच्या अर्थशास्त्रज्ञाने २०१४ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांची जुनी कागदपत्रं तपासली. आठवड्याला पन्नास तासांच्या आसपास गेलं की तासागणिक काम घसरू लागतं आणि सत्तर तास राबणाऱ्याचा माल छप्पन तास राबणाऱ्यापेक्षा फारसा जास्त भरत नाही, असं त्याला दिसलं. तिथे तर मोजायला तोफगोळे होते. आमच्याकडे मोजायला मीटिंगा आहेत. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये मांडलेला हिशेब तर हसण्यावारी नेण्यासारखा नाही: आठवड्याला पंचावन्न किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी वाढतो. आमच्या सोसायटीच्या आरोग्य शिबिरात रक्तदाब तपासायला म्हाताऱ्यांची रांग असेल म्हणून खुर्च्या मांडल्या होत्या. खुर्च्यांवर तिशीतली मुलं बसली होती, म्हातारे उभे राहून त्यांना धीर देत होते.

आता जास्तीच्या तासांचा उपयोगच नाही असं मी म्हणत नाही. म्हणायला लागलो तर भाऊ मला गेटवरच अडवतील. त्यांनी हेल्पर असताना ओटीच्या रात्री बॉयलरवर काढल्या. तिथला जुना ऑपरेटर, खोपोलीकडचा, रात्री दोन वाजता त्यांना गेज वाचायला लावायचा, पाणी का उतरलं ते विचारायचा, चुकलं की शिव्या द्यायचा. त्या शिव्यांच्या बळावर भाऊ बॉयलर अटेंडंटची परीक्षा पास झाले आणि हेल्परचे ऑपरेटर झाले. तेव्हा ओटीने त्यांना पैसे दिले ते दिले, वर हातात कामही दिलं. चिरंजीवांच्या कंपनीतही एकदा रात्रभर सर्व्हर कोसळला होता. एका सिनियर बाईंनी त्यांना शेजारी बसवून पहाटेपर्यंत एकेक धागा सोडवून दाखवला. त्या एका रात्रीत जे कळलं ते वर्षभरात कळलं नव्हतं, असं ते स्वतः सांगतात. नवखेपणात अशा दहा रात्री मिळाल्या तर खुशाल कराव्यात. पण सर्व्हर रोज कोसळत नाही, आणि उरलेल्या रात्री बाटली भरण्यात जातात.

तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीची गोष्ट वेगळी. महापेच्या एका कंपनीत होती. साडेसहाला घरी, रजिस्टरात कधी चूक नाही. आई आजारी, त्यामुळे थांबणं शक्यच नव्हतं. रात्री आईला झोपवून ती क्लाउडच्या कसल्याशा परीक्षांचा अभ्यास करायची. दोन परीक्षा झाल्या, दोन कंपन्या बदलल्या आणि पार्किंगच्या वहीत गाडी आली. आता ती मॅनेजर आहे. चिरंजीव तीन वर्षं नऊपर्यंत बसून आठ टक्के पगारवाढीवर होते. हिला प्रत्येक उडीला तीस टक्के मिळाले. बेल कर्व्ह नावाचा जो घंटेच्या आकाराचा प्रकार असतो, त्यात बहुतेक सगळ्यांना मधल्या फुगवट्यातच कोंबावं लागतं म्हणे, आणि सहाला जाणारा व नऊला जाणारा शेवटी त्याच फुगवट्यात शेजारी शेजारी बसतात.

मी तिच्या वक्तशीरपणाचं कौतुक केलं तेव्हा ती हसली. "काका, मॅनेजर मला फार मेहनती समजायचे. माझे मेल रात्री साडेअकराला जायचे ना."

"पण तू तर दहाला झोपतेस. वॉचमन सांगतो लाइट बंद होतो म्हणून."

"मेल मी साडेपाचलाच लिहून ठेवायचे. साडेअकराची वेळ लावायची, तो आपोआप जातो."

मी तिला एरिन रीड या संशोधिकेबद्दल सांगितलं. अमेरिकेतल्या एका मोठ्या सल्लागार कंपनीचा तिचा अभ्यास २०१५ मध्ये आला. तिथे आठवड्याला ऐंशी तास राबणारे होते आणि ऐंशी तास राबतो असं गुपचूप भासवणारेही होते. साहेबांना दोघांतला फरक ओळखता आला नाही. कौतुक दोघांचंही सारखंच झालं. नुकसान झालं ते ज्यांनी सरळ 'मला कमी तास द्या' असं तोंडाने मागितलं त्यांचं. मुलीने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "यासाठी अभ्यास कशाला करावा लागला?"

मागणाऱ्यांसाठी कायदा व्हावा म्हणून सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं, २०१८ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये. कामाचे तास संपल्यावर ऑफिसचा फोन न उचलण्याचा हक्क. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ती बातमी रात्री सव्वाअकराला आली. पाच मिनिटांत तेरा अंगठे. सगळे जागेच होते, लॅपटॉप उघडून.

आणि चिरंजीव? गेल्या दिवाळीनंतर त्यांचे खारघरचे साहेब नोकरी सोडून गेले. जाताना म्हणे प्रत्येकाशी हात मिळवले आणि म्हणाले, एवढी कष्टाळू टीम मी पाहिली नाही, आता मी जरा घरच्यांना वेळ देणार. तीन वर्षांच्या रात्रींचा जो काही हिशेब होता तो त्यांच्या डोक्यात होता, आणि डोकं गेलं खारघरला. नवे साहेब हैदराबादला बसतात. त्यांनी ऐरोलीचा मजला पाहिलेला नाही, ना ती खुर्ची, ना खुर्चीवरची बॅग. त्यांना दिसतो फक्त टीम्सवरचा हिरवा ठिपका. काही मिनिटं माऊस हलला नाही की तो पिवळा होतो.

परवा भाऊ फार प्रसन्न चेहऱ्याने भेटले. पंचवीस वर्षं पूर्ण झाली तेव्हा कंपनीने त्यांना एक एचएमटीचं घड्याळ दिलं होतं, डब्यासकट कपाटात ठेवलेलं. पोराने ते कधी हातात घेतलं नाही, तो मोबाइलवर वेळ बघणारा. "पण काल स्वतः मागितलं हो! म्हणाला, पप्पा, तुमचं घड्याळ वापरू का मी? डोळ्यात पाणी आलं माझ्या. मी किल्ली देऊन दिलं."

मी रात्री पावतीपुस्तक द्यायला त्यांच्याकडे गेलो. चिरंजीव सोफ्यावर आडवे होऊन क्रिकेट बघत होते. ओटीच्या खोलीत टेबलावर लॅपटॉप उघडा होता. शेजारी घड्याळ उताणं, आणि त्याच्या काचेवर माऊस. सेकंद काटा माऊसच्या डोळ्याखालून जायचा आणि स्क्रीनवरचा बाण किंचित थरथरायचा. ठिपका हिरवागार.

"सेकंद काटा हवा फक्त," चिरंजीव टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले. "डिजिटल चालत नाही, काका."